रात्रीची नोंद

चौतीस वर्षं सिव्हिलमध्ये रात्रपाळ्या केल्या,
आता वर्तकनगरात, तिसऱ्या मजल्यावर
माझीच ड्युटी माझ्यावर लागली आहे.

मुग्धा मॅडम म्हणाल्या, गोळी नको मावशी, वही करा.
माझ्या नातीहून जेमतेम मोठी पोर.
पलंग फक्त झोपण्यासाठी,
बारा ते साडेपाच, एवढीच मुदत.
वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं,
बाहेरच्या खोलीत बसायचं.
दुपारी आडवं व्हायचं नाही.
घड्याळाचं तोंड भिंतीकडे.
मग वीस मिनिटं मोजू कशी, मी विचारलं.
अंदाजानं, म्हणाली.
अंदाजानं मी नाडीसुद्धा मोजली नाही कधी.

पहिल्या आठवड्यात तूरडाळ निवडली, दोन डबे.
निवडलेलीच होती.
खाली वॉचमन खुर्चीत मान टाकून झोपलेला,
त्याला कुणी नियम सांगितले नसावेत.
येऊरचा डोंगर रात्री दिसत नाही,
त्या बाजूला दिवे संपतात, एवढंच.

एकदा घाम फुटला, हात थरथरले.
नियम बाजूला, आधी बोटाला सुई. बासष्ट.
पाण्यात साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई.
त्या रात्रीच्या रकान्यात लिहिलं:
झोप नाही, कारण आहे.
कारण असल्याचं किती बरं वाटलं.

बाकीच्या रात्री कारण नसतं.
आज झोपले नाही तर उद्या साखर चढेल,
हे माझं वाक्य मुग्धा कागदावर उतरवते
आणि मलाच वाचायला देते,
जणू दुसऱ्या कुणा बाईचं.

अकरा नंबरच्या खाटेवर सोनटक्के होते.
डायबेटिस. डाव्या पायाची दोन बोटं गेलेली.
रात्रभर विचारायचे, सिस्टर, किती वाजले?
झोपा, पहाट झालीच, मी सांगायचे.
दीडला सांगायचे. अडीचला सांगायचे.
आणि चार वाजता रिपोर्टात
सगळ्या वॉर्डासाठी एकदम, एका दमात:
रुग्ण रात्री शांत झोपले.

हे मुग्धाला सांगितलेलं नाही.
वहीत त्यासाठी रकाना नाही.
पण वही मी खोटी लिहिली नाही.
तीन तास दहा. दोन पन्नास. चार.
दोनदा लघवीला, एकदा उगाच.

काल चौथ्या आठवड्याचा हिशेब झाला.
उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस,
ती काही फारशी हललेली नाही.
पण मुग्धानं झोपेच्या तासांची बेरीज केली,
पुन्हा केली, आणि
पंधरा मिनिटं वाढवून दिली.
पावणेबारापासून पडायची परवानगी.
रजा मंजूर झाल्यासारखी मी रिक्षातून घरी आले,
सुट्टे पैसे घ्यायचेही विसरले.

रात्री पलंगाला टेकले.
भिंतीकडे तोंड करून घड्याळ टिकटिकत होतं.
सिस्टर, किती वाजले?
माहीत नाही हो, सोनटक्के.
खरंच माहीत नाही.