पाच तास तीस मिनिटं

रात्रीचे साडेदहा. हेस्कॉमनं लाईट
दोनदा नेली, तिसऱ्यांदा आणून दिली.
गोडाऊनकडून तंबाखूचा वास येतोय, त्याची निपाणीत
कुणी दखल घेत नाही. मी फक्त शिंकते.

टेबलावर रुद्राप्पा तुबचींचा लॅपटॉप.
सकाळी ठेवून जाताना म्हणाले,
"माझं विंडोज येतंय बघा. पोरीचं ते येईना.
अपडेट मागितलं, होय म्हटलो तेवढंच.
दुसरं कशाला हात लावलो नाही."
सहा वर्षं झाली दुकानाला,
आजवर एकही मशीन कुणी बिघडवलेलं नाही.

एफ-बारा दाबून धरलं. यादीत एकच नाव.
पेनड्राइव्हवरून आत चढले, डिस्क उघडून पाहिली:
शिवलीलाचे ऐंशी जीबी जागच्या जागी,
प्रोजेक्ट, फोटो, 'फायनल_खरं_२' नावाचा फोल्डर.
घर शाबूत. दारावरची पाटी तेवढी
कुणीतरी रातोरात उतरवलेली.
(पाट्यांवरनं आमच्याकडं काय काय झालंय
ते सांगत बसले तर ग्रब बसवायचं राहील.)

बापाचा भाग मात्र लिहू देईना,
नुसतं वाचा म्हणाला.
विंडोजला बंद हो म्हटलं
की ते डोळे मिटून पडून राहतं,
सकाळी लवकर उठल्याचं श्रेय घ्यायला.
शिफ्ट दाबून त्याला नीट, पुरतं झोपवलं.

मग पोरीच्या घरात शिरले, तिथलीच झाले,
तिथूनच ग्रब बसवलं. रीस्टार्ट.
आलं! पोरीचं आलं.
आणि बापाचं गेलं.

यादीत पुन्हा एकच नाव, फक्त दुसरं.
चहा गार.
हल्ली ग्रब शेजारी कोण राहतं ते विचारतच नाही,
'विचारू नको' हे आधीच ठरलेलं असतं.
फाईल उघडून त्या ओळीपुढं लिहिलं: नाही.
'विचारू नको'ला 'नाही', म्हणजे विचार.
दोन नकारांचा एक होकार व्हायला
सव्वा मिनिट लागलं.

अकरा दहा. दोन्ही नावं, एकाखाली एक.
विंडोजमध्ये जाऊन बघते तर
तिथं संध्याकाळचे पाच चाळीस.
उद्या तुबचींची टॅली
दुपारच्या मालाला सकाळची पावती फाडणार.
आतलं घड्याळ एकच. एकाला वाटतं ते जगाचं,
दुसऱ्याला वाटतं ते गावचं.

लिनक्सला सांगितलं: आरटीसी लोकल, होय.
आरटीसी! आमच्या जिल्ह्यात हा शब्द काढला
की माणसं पिशवीतून शेताचा उतारा काढतात.
आमच्याही उताऱ्यावर शेत आमचं,
आडनाव तिसऱ्याच कुणाचं.
खाली इशारा उमटला: चालेल,
पण पुढं घोळ होतील, करू नये.
म्हणजे समजूतदारानंच वाकायचं
आणि वर सावधही राहायचं.
परत घेतलं.
विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरले, एक ओळ घातली.
ह्या खेपेला थोरल्यानं शिकावं.

फोन. "आयतु का, अक्का?"
"झालं गो. वर कुणाचं नाव ठेवू?
दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही, तर?"
थांबली. मागं हॉस्टेलात
कुणीतरी बादली आपटली.
"मागल्या वेळी ज्यानं उघडलं असेल,
त्याचंच ऱ्हाऊ दे."

बिलबुक काढलं. साडेतीनशे की चारशे?
तारीख टाकली, वेळ टाकायला वर पाहिलं.
भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे,
चिकोडीची शेवटची बस चुकू नये म्हणून
मीच कधीतरी केलेलं.
ती बस आता त्या वेळेला सुटतच नाही.
इरली.