उंबरठ्याची उंची

इरवेल नदीकाठच्या शाळेची भिंत फोडायचं काम
मला मिळालं, एकोणीसशे नऊच्या मार्चात.
याच शाळेत सात वर्षं
मी खिडकीकडे बघत काढली.
खिडकीतून कधी बघितलं नाही.

सहा फुटांवर चौकट. मुद्दाम.
बाहेरचं दिसलं की पोरांचं चित्त उडतं,
असं म्हणे आराखडा काढणाऱ्याचं मत.
तेवढं आभाळ दिसायचं, चौकोनी,
गिरणीच्या धुरानं मळलेलं,
पाटी पुसायच्या बोळ्यासारखं.

एका खोलीत साठ पोरं.
ओली लोकर, खडू, हंसाची चरबी.
नोव्हेंबर लागला की आया
छातीला चरबी चोळायच्या,
वर तपकिरी कागद गुंडाळायच्या,
आणि सदरा अंगावरच शिवून टाकायच्या.
तो उसवायचा थेट मे महिन्यात.
प्रार्थनेला उठलो की
साठ छाताडांचा कागद एकदम वाजायचा,
आणि थ्रेलफॉल मास्तर छडी आपटायचे: कोण ते?

दार लावा, वारा येतोय, म्हणायचे मास्तर.
वारा म्हणजे आजार,
हे आम्ही पाढ्यांबरोबर पाठ केलं.
माझी बहीण केझाया
शेगडीपासून सर्वांत लांबच्या बाकावर
बाहीत तोंड खुपसून खोकायची.
तिला नववं वर्ष पुरं झालं नाही.
मास्तरांनी आठवडाभर तिच्या नावापुढे
'गैरहजर' लिहिलं,
मग पट्टी धरून रेघ मारली. सरळ होती रेघ.

आता डॉक्टर आल्यात, पेनिफोल्डबाई.
कोळशाच्या वखारीतून वजनकाटा मागवून घेतला,
पोरांना कपड्यांनिशी तोलायला तयार नाहीत.
एका पोरीचा सदरा उसवायचा म्हटल्यावर
तिची आई लाकडी बूट आपटत आली:
माझे टाके तुम्ही काढणार,
आणि उद्या पोरगी गेली तर?
बाई काही बोलल्या नाहीत.
कात्री तिच्याच हातात दिली.
बराच वेळ ती तशीच उभी.
मग एकेक टाका काढत गेली
आणि दोरा वाया जाऊ नये म्हणून
बोटाला गुंडाळत राहिली.
कागदाखालून पोरगी निघाली,
पक्ष्याच्या पिंजऱ्याएवढी.
बाईंनी वहीत आकडा लिहिला.
पेन्सिलीचं टोक मोडलं.

तर, मला हुकूम असा:
खिडकीचा उंबरठा अडीच फुटांवर आणायचा.
वरच्या कडेवर बोटभर काजळी,
तीसेक वर्षांची.
झटकली, आणि मीच खोकत बसलो.
काजळीत शाईत भिजवून फेकलेले
कागदाचे गोळे सापडले, वाळून दगड झालेले.
त्यातला एखादा माझाही असेल.
नेम चांगला होता माझा.

विटा काढत खाली आलो.
दुपारी शेवटची ओळ निघाली
आणि मास्तरांच्या आत पोरं भोकाशी गोळा झाली.
बाहेर काय, तर गॅसच्या कारखान्याची भिंत,
कोळशाची गाडी,
आणि रस्त्यात खुशाल मुतणारा घोडा.
पोरं हसली. काही हसता हसता खोकली.
विल्फ नावाचा एक, कानाला फडकं बांधलेला,
तेवढा हसला नाही.
मला विचारतो, हाच का तो?
कोण?
गणिताच्या तासाला ऐकू येतो, तो.
मला वाटलं होतं काळा असेल.

घोडा पांढरा होता. म्हणजे
कोळशाखाली जेवढा उरला होता तेवढा पांढरा.

पांढराच आहे तो, केझाया म्हणायची,
टापांवरून कळतं.
आम्ही तिला वेड्यात काढायचो.

तो घोडा केव्हाच मेला असणार, मला कळतं.
मी विल्फला बाजूला सरकायला सांगितलं,
ओळंबा लावला,
आणि उंबरठा पुन्हा मोजला.
अडीच फूट.
मग आणखी एक वीट काढली,
कुणी सांगितली नव्हती ती.
तिच्या बाकावरून दिसायला
तेवढी लागली असती.