बी

सायकल लेनर्ड गॅरडची. माझे फक्त
शंभर पौंड आणि साखळीला घातलेलं तेल.
हँडलवरच्या पिशवीत पुठ्ठ्याचं कार्ड निघालं,
पेन्सिलीनं लिहिलेलं, दोनदा भिजून वाळलेलं:
हॅडली. पुलावरून डावीकडे. जुन्या पंपाशी उजवीकडे.
कर्झी. ओढ्यातून. चढ.
आणि मधेमधे, ओळीच्या कडेला,
एकटंच एक अक्षर: बी.

दांडीची सायकल मी शिकले ती दांडीखालून,
कराडला, तासाला पन्नास पैसे.
दुकानदार सुपनेकर मडगार्डवर खडूनं वेळ लिहायचा
आणि माझ्याकडे असा बघायचा
जणू मी घड्याळच पळवून नेणार आहे.
आता पन्नाशी उलटल्यावर पाय दांडीवरून टाकते.
गुडघा कुरकुरतो. साखळी नाही.

सफोकमध्ये घाट नाहीत.
चादर झटकल्यावर ती खाली बसायच्या आत
जेवढी फुगलेली असते, तेवढेच उंचवटे.
इस्पितळातले सहकारी म्हणतात, अगं, सपाटच आहे सगळं.
माझ्या मांड्या त्यांना विचारत नाहीत.

दोन्हीकडे झुडपांची कुंपणं, डोक्याहून उंच.
शेत दिसतं ते फक्त फाटकापाशी:
फाटक येतं, जवाचा एक तुकडा उघडतो,
मिटतो.
पुढे पुन्हा हिरवा बोळ, आणि माझाच श्वास.

जुना पंप आता नाही.
त्या जागी कुणाची तरी बैठकीची खोली,
खिडकीत मांजर.
मी मांजराशी उजवीकडे वळले.

कर्झीत रस्ता सरळ ओढ्यात उतरतो
आणि पलीकडे, काही झालंच नाही असा, बाहेर येतो.
बदकं बाजूला झाली. मी बुटांसकट गेले.
"शेजारी पायवाटेचा पूल आहे की," एक बाई म्हणाल्या,
मी पूर्ण भिजल्यावर.

बी म्हणजे काय?
ब्रिज म्हणावं तर तिथे पूल नव्हता.
बेंड म्हणावं तर रस्ता सरळ.
बुल नावाचा पब? एका वाटेवर पाच-पाच?
मग मराठीत वाचून पाहिलं. बी.
पेरायचं असतं ते. शेतं तर होतीच.

पण जिथे जिथे ते अक्षर, तिथे मी थांबले.
चढाच्या पायथ्याशी नाही, माथ्यावर नाही,
बरोबर मध्यावर,
जिथे थांबायची लाज वाटते.
आणि दरवेळी तिथे टेकायला काहीतरी होतं:
फाटक, मैलाचा दगड,
एकदा चर्चच्या आवाराची बसकी भिंत,
उन्हानं तापलेली.

संध्याकाळी कार्ड परत द्यायला गेले.
बेरिलबाईंनी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता.
बराच वेळ वाचत राहिल्या, मागची कोरी बाजूसुद्धा.
"बी म्हणजे मी," म्हणाल्या.
"माझी छाती पहिल्यापासून अधू.
आणि याची साखळी दर चढाला उतरायची.
हा खाली बसून खुडबुड करायचा,
मी फाटकाला टेकून दम खायची आणि त्याला बोलायची.
एकतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले,
माणूस चांगला, पण सायकल राखता येत नाही त्याला."

किटली ओरडत होती. त्या उठल्या नाहीत.
मीच उठले.

साखळी तीस मैलांत एकदाही उतरली नव्हती.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही.

कार्ड त्यांनी ठेवून घेतलं.
पुढच्या रविवारी खिडकीत मांजर नव्हतं,
मी वाट चुकले,
भलत्याच एका चढाच्या मध्यावर उतरले,
वाकून साखळीला हात लावला.
सोबत कुणी नव्हतं.
बोटं काळी झाली.
फाटकापलीकडे जव कमरेला आला होता.