शेवटचं पान

वीज गेलेली, साखर पेठेतले माग गप्प.
अकरा वर्षं शोधलेला सतरावा अंक
नरसय्या येमूलनं तराजूत टाकला,
कडक भाकरीच्या जुन्या पुठ्ठ्यांसोबत.
"दोन रुपये द्या."

पिना गंजलेल्या. मुखपृष्ठावर चहाचं कडं.
पुण्याचा संग्राहक म्हणाला होता,
शेवटचं पान असेल तर चाळीस हजार,
नसेल तर रद्दी.

नव्हतं.

"मीच फाडलं," नरसय्या म्हणाला.
"गिरणी बंद पडली त्या साली.
त्यात ते पोरगं घरी पोचतंय बघा.
नायनाला रोज वाचून दाखवायचो."

गल्ला जरासा उघडला त्यानं,
आतलं पिवळं काही बोटानं चाचपलं,
मिटला.

भाव विचारायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात वीज आली.
सगळे माग एकदम सुरू झाले.