मधलं दीड मिनिट

अकरा दिनार. पाचजणांनी वर्गणी काढून आणली डिस्क.
डब्यावर तोच क्रेनवरून झेपावणारा हिरो,
खाली सोनेरी अक्षरं : मूळ रिळांवरून नव्याने स्वच्छ केलेली प्रत.
गुदैबियातल्या आमच्या खोलीत
शुक्रवारी, जेवणं आटोपल्यावर,
एसीची घरघर कमी करून, पडदा ओढून
बसलो पाहायला.

पहिलं मत इनास डाबरेचं, नावं संपायच्या आधीच :
"समुद्र निळा आहे की रे!"
बावीस वर्षं आम्ही तो हिरवा पाहिला होता.

सारखोत गोदीत वेल्डर. म्हणाला,
ह्या ठिणग्या वेल्डिंगच्या नव्हेत, फुलबाज्या आहेत,
जुन्या कॅसेटवर कळायचं नाही, तेच बरं होतं.
गुलरोज ड्रायव्हरला ट्रक पटला नाही.
मराठी येत नाही त्याला. हवेत गिअर टाकून दाखवला :
गाडी दुसऱ्यात, आवाज चौथ्याचा.
खलनायकाचा काचेचा डोळा
गोदामात डावा आहे, बोटीवर उजवा,
हेही आजच कळलं.

आणि ती उडी.
उडी मारणारा हिरो नाहीच.
दुसराच कुणी, टाळू उघडी पडलेला, पोट सुटलेला,
डोळे गच्च मिटून
हिरोच्या शर्टात खाली येतो.

कुणी हसलं नाही.
सारखोत म्हणाला, "ह्याचं नाव शेवटी येतंय का बघू."

जुनी कॅसेट कुंजूमोनच्या दुकानातली,
आठवड्याला दोनशे फिल्स.
(तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.)
तिच्यात पूल उडायच्या ऐन आधी
चित्र फडफडायचं, पांढरी रेघ वर चढत जायची,
आणि दीड मिनिट
कुणाच्या तरी घरचं बारसं.

कोण, कुठले, काही कळलं नाही.
सुट्टीवर कुणी नेली असेल, कोरी समजून.
झेंडूच्या माळा, परातभर घुगऱ्या,
पाळण्याच्या दोरीला धरून ताटकळलेला एक शेंबडा मुलगा.
आत्या वाकते, बाळाच्या कानाशी कुर्रर्र करते,
बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात,
तिचे ओठ हलतात,
आणि धडाम्!
पूल उडतो.

नावावर पैजा लागायच्या.
डाबरे म्हणे शकुंतला, कारण आत्या लांब ओठ काढते.
सारखोतला वाटे मुलगाच आहे.
गुलरोजने एकदा स्वतःच्या लेकीचं नाव सांगितलं,
त्यावर पैज लावली नाही कुणी.
माझ्या मुलीचं बारसं मी पाहिलं नाही.
हे पन्नास वेळा पाहिलं असेल.

नव्या प्रतीत त्या जागी हिरोचा भाऊ मरतो.
मांडीवर डोकं, लांबलचक बोलणं, मागे व्हायोलिन.
आम्हाला ठाऊकच नव्हतं.
आमच्या हिशेबी तो गावी गेला होता.

खरातांचा प्रणित, नवाच आलाय मार्चमध्ये,
म्हणाला, "काय भारी सीन आहे!"
कुणी उत्तर दिलं नाही.
डाबरे उठून मोरीत तोंड धुऊन आला.
मग पूल उडाला. स्वच्छ उडाला,
एकेक वीट मोजता यावी असा.

संध्याकाळी दुकानातल्या पोराने विचारलं,
कशी आहे प्रत?
मी म्हणालो, चित्र उत्तम. आवाज उत्तम.
पुढे काय सांगावं ते सुचेना,
म्हणून चार्जरची किंमत विचारली.

परत आलो तर खोलीत अंधार,
टीव्हीवर काळ्या पाटीवर पांढरी नावं :
सुतार, शिंपी, केस विंचरणारी, चहा देणारे दोघे.
सारखोत रिमोट धरून बसलेला,
दर चार ओळींना थांबवतोय,
बोट काचेला लावून वाचतोय.
"सापडलं?"
"थांब," म्हणाला, "अजून पुष्कळ आहेत."