फासळ्या मोजणारे

दत्त नगरच्या बोळात शिरलो की
पहिला भेटेल तो फासळ्या मोजतो.
‘काय बे राजमल्लू, कुत्र्याला खायला घालत नाहीस का?’
मग दुसरा. मग टपरीवरचा तो,
ज्यानं आजवर कुणाला सुपारीचं खांडही फुकट दिलं नाही.

आधी मी थांबून सांगायचो :
कारवानी आहे हा. जातच अशी.
छाती खोल, पोट पाठीला, पाय लांब,
उघड्या माळावर वाऱ्याच्या पुढं निघायला घडवलेलं अंग.
दोन भाकऱ्या, ताक, दोन अंडी, बुधवारी कोंबडीचे पाय.
सांगून सांगून थकलो.
आता म्हणतो, मोजा. एका बाजूला तेरा आहेत.
चुकलात तर पुन्हा पहिलीपासून मोजा.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीतल्या बंद कारखान्याच्या फाटकाला
सुतळीनं बांधून कुणी सोडून गेलं होतं.
शर्यतीचा असावा. मागचा उजवा पाय मोडून वाकडा जुळलेला.
घरी आणला तेव्हा माग थांबवून सगळे बघायला आले.
‘चावणारं दिसतंय.’
‘माजोरी आहे बे, शेपूट हलवत नाही.’
मी मराठीत बोलावलं. भूदेवीनं तेलुगूत.
तो भिंतीकडं तोंड करून उभा.
मग कडक भाकरी विकणारी गुरव्वा दारात आली,
डोक्यावरची पाटी न उतरवताच म्हणाली, ‘बा इल्ली.’
दोन्ही कान वळले.
इतका वेळ त्याच्याशी
त्याच्या भाषेत कुणी बोललंच नव्हतं.

नाव ठेवलं ताणा.
मागावर चढवलेलं सूत कसं, नुसतं बोट लावलं तरी थरारतं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या हत्तुरे डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
डोक्यावरून हात आणू नका. समोर उभे राहू नका.
पाठ करून बसा, आपलं काम करत राहा.
बसलो. पाळी सुटली की रोज पाठ करून बसायचो,
गुंतलेल्या कांड्या सोडवत.
किती दिवस, ते मोजलं नाही.
एका रात्री पाठीला काहीतरी टेकलं, गार, ओलं,
आणि लगेच निघूनही गेलं.
मी वळलो नाही.
हातातली गाठ मात्र दिसेनाशी झाली होती.

मे महिना. पारा चव्वेचाळीसवर, नळाला पाणी पाचव्या दिवशी.
पहिल्या दिवशी ‘हे हडकुळं कशाला’ म्हणणारी भूदेवी
घागरीतलं तांब्याभर वाचवते,
विणीत चुकलेली एक चादर भिजवते, मागाखाली अंथरते.
त्या चादरीवर मोर उलटा आलाय.
ताणा मोरावर पोट टेकून झोपतो,
डोक्यावर माग खटाखट चालू.
विचारलं तर म्हणते, पाणी सांडलं.

लस टोचायला तिघं गेलो.
ताणा काट्यावर उभा राहिला. साडेचोवीस किलो.
‘अगदी बरोबर वजन,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘छान ठेवलाय.’
मी इकडंतिकडं पाहिलं,
बोळातलं कुणीतरी ऐकायला हवं होतं.
तेवढ्यात भूदेवी हसत हसत काट्यावर चढली,
‘आता माझंबी बघा की.’
सदतीस.
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

सत्तावीस वर्षं रोज हजार विड्या वळते ती.
बोळात कुणी कधी विचारलं नाही, हिला खायला घालत नाहीस का.
मी तरी कुठला? बोळातलाच.

आता अंडी तीन आणतो.
तिसरं ती, मी बघत नाही असं समजून,
त्याच्या थाळीत सरकवते.
ताणा हुंगतो, अर्धं खातो,
पोट भरलं की थांबणारी जात,
उरलेलं तिच्याकडं बघत तसंच ठेवतो.
मी काही म्हणत नाही.
पाठ करून बसतो, कांड्या सोडवत.