मांजर, दिवाडी

फेरीत हेल्मेट मांडीवर,
हेल्मेटात मांजर.
रायबंदरला उतरताच पोलिसानं अडवलं:
हे डोक्यावर का नाही?
आतून एक शिंक आली.
जा, म्हणाला.

वेर्लेकर डॉक्टरबाईंनी वजन केलं. चारशे दहा ग्रॅम.
आमच्या परसातला नारळ याहून जड.
डोळे चिकटलेले, नाक गच्च.
"वास येत नाही, म्हणून खात नाही.
मांजराचं आधी नाक जेवतं, मग तोंड."

तेव्हापासून रोज रात्री न्हाणीत आम्ही दोघं,
बादलीभर कढत पाणी, दार लोटलेलं.
वाफेत माझा चष्मा जातो
आणि याची छाती घरघरते,
विहिरीवरचा जुना पंप हवा ओढतो तशी.
ओल्या कापसानं डोळे पुसायचे,
सिरिंजनं औषध:
निम्मं त्याच्यात, निम्मं माझ्या बनियनवर.

सापडला कुठे, तर बाजारात,
सुक्या बांगड्यांच्या टोपलीखाली.
आणि आता तारली उकडून, काटे काढून, कोमट
नाकाशी धरतो,
तर भिंतीकडे बघतो.
कुंपणापलीकडून फिलोमेना ओरडते, खारं दे रे, खारं!
खारं द्यायचं नसतं. मी नुसती मान हलवतो.

काल पहाटे बोटांना काहीतरी खरखरीत लागलं.
संध्याकाळी मी सुंगटं सोलली होती.
साबणानं दोनदा हात धुतले होते,
तरी त्यानं शोधलं.
दिवा लावला नाही.
लघवीला जायचं होतं,
तसाच पडून राहिलो.

औषध अजून चार दिवसांचं आहे.
नाव ठेवायचं राहिलंय.
डॉक्टरांच्या कागदावर
नुसतं "मांजर, दिवाडी".